साडेसात इंचांची गोलाई

आक्कांच्या घरात ‘छान’ म्हणायची सोय नव्हती. जेवायला आलेल्या कुणी “आमटी छान झालीय” म्हटलं, की त्या हातातली पळी तशीच धरून विचारायच्या, “छान म्हंजे किती?”

पाहुणा गोंधळायचा.

“मीठ कमी हाय, ज्यादा हाय, का बरोबर हाय? त्ये सांगा की. नुसतं छान घिऊन मी काय करू?”

त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला गेले त्या दिवशी मीही हे ऐकून घेतलं. खोली पाहिली, मान डोलावली आणि “छान आहे” म्हणाले. आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “पावणं, खिडकी उत्तरंला हाय. थंडीत गारठशील. बघितलंस का?” मी पाहिलं नव्हतं. थंडीत गारठले.

मी मूळची नाशिकची. दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून कोल्हापुरात आले. आक्कांचं घर उद्यमनगरात, आणि खालची सगळी जागा त्यांच्या कामाची. त्या पॅटर्नमेकर होत्या. फौंड्रीत लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबून काढून घेतला की जी पोकळी राहते, तिच्यात वितळलेलं लोखंड ओततात. त्या नमुन्याला पॅटर्न म्हणतात. पंपाचं पोट, मोटारीचं झाकण, कुठल्याशा यंत्राचा पाय, असलं सगळं आक्का सागवानात घडवायच्या. धंदा सासऱ्यांचा, मग नवऱ्याचा. नवरा अचानक गेला तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या आणि तोवर घासणं, मेण भरणं, रंग देणं एवढंच त्यांच्याकडं असायचं. पुढची तीसेक वर्षं करवतीपासून सगळं त्यांनी एकटीनं केलं. मूलबाळ नव्हतं. माहेर नेसरीकडचं. कानडी मुलूख तिथनं जवळ, थोरल्या बहिणीला तिकडं अक्का म्हणतात. ते नाव भावंडांकडून गल्लीनं उचललं आणि गल्लीकडून फौंड्रीवाल्यांनी.

कोल्हापुरातल्या कितीतरी बायकांसारख्या त्याही ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलायच्या. आवाजही दणदणीत. पहिले काही दिवस मला वाटायचं, खाली कुणी पुरुषमाणूस आलाय आणि भांडतोय. त्या फोनवर भाजीवाल्याशी बोलत असायच्या.

गुरुवारी त्या गल्लीतल्या भजनी मंडळात जायच्या आणि तिथं फक्त झांज वाजवायच्या. तोंड उघडायची त्यांना बंदी होती. ती त्यांनी स्वतःच घालून घेतली होती. “मला सूर कळत न्हाय,” त्या सांगायच्या. “ड्रिल मशीन आन् गाणारी बाई, मला दोन्ही सारखीच. पण झांज मापात वाजीवतो.”

अशा बाईचा माझ्या गिटारशी संबंध यायचं काही कारण नव्हतं.

गिटार मी कॉलेजपासून वाजवत होते. फार चांगली नव्हे. पण दिवसभर दुधातल्या फॅटचे आकडे लिहून घरी आल्यावर अर्धा तास तारांवर हात फिरला की मी माणसात यायचे. कोल्हापुरातल्या माझ्या दुसऱ्या वर्षी, ऊस गाळपाच्या हंगामात, कसबा बावड्याच्या रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यावरून माझी स्कूटर घसरली. डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं पहिलं बोट मधल्या पेरात मोडलं. हाड जुळलं, सांधा आखडला. बोट जरासं वाकलेलंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, रोजच्या कामात काही अडणार नाही. खरंच अडलं नाही. पोळ्या लाटता येत होत्या, केस विंचरता येत होते. अडलं ते एका जागी. गिटार वाजवताना हे पहिलं बोट आडवं टाकून सहाच्या सहा तारा एकदम दाबाव्या लागतात, आणि ते जमलं नाही तर निम्म्याहून जास्त गाणी वाजत नाहीत. माझ्या गिटारच्या मानेवरची फळी, जिच्यावर तारा दाबतात तो फ्रेटबोर्ड, अगदी सपाट होता. सपाट फळीवर वाकडं बोट टाकलं की कडेच्या तारा दाबल्या जायच्या आणि मधल्या नुसत्या फडफडायच्या.

चार महिने झगडले आणि गिटार कपाटावर ठेवून दिली.

आठवडाभरानं आक्का जिन्यातच भेटल्या. “वरनं खरखर यायची बंद झाली. काय झालं?”

मी बोट दाखवलं. त्यांनी ते हातात धरून कामाच्या टेबलापाशी नेलं, म्हणजे मलाच नेलं, आणि दिव्याखाली उलटंसुलटं करून पाहिलं. एखादा लाकडाचा तुकडा पाहावा तसं.

“ह्ये आता सरळ व्हत न्हाय?”

“नाही.”

“मग फळी वाकडी कर की.”

बहुतेक गिटारांची फळी थोडी गोलाईचीच असते, माझीच नेमकी सपाट आहे, हे मी त्यांना सांगितलं. मिरजेला सतारी करणाऱ्यांकडंही जाऊन आले होते. हे आमचं काम नव्हे, असं त्यांनी प्रेमानं सांगितलं होतं. मग मी फोनवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक माणूस खोलगट लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर लावून सपाट फळी घासत होता, आणि घासून घासून ती गोल होत होती. आक्कांनी आवाज बंद करून तो दोनदा पाहिला.

“ह्यो ठोकळा कुणाच्या बोटावरनं केलाय?”

“कुणाच्या नाही. ठरलेली मापं असतात.”

“मग त्यो तुझ्या काय कामाचा?”

पुढच्या रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. पॅटर्नचे कोपरे भरायचं मेण मऊ करून त्याची वडी थापली होती. तिच्यावर मला बोट दाबायला लावलं, सात-आठ वेळा, दर वेळी नव्यानं. मग पत्र्याचे गोलाई दिलेले तुकडे एकेक करून त्या ठशांना लावून पाहिले. एक तुकडा जवळजवळ बेमालूम बसला. त्याच्यावरचा आकडा वाचून त्या मोठ्यानं हसल्या.

“साडेसात इंच! साडेसातीच लागलीया की गं तुला.”

म्हणजे साडेसात इंच त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्याच्या कडेला जेवढा बाक येईल, तेवढा बाक माझ्या फळीला हवा होता. तो देण्यासाठी त्यांनी जे बनवलं, ते मी आजवर कुठल्या व्हिडिओत पाहिलेलं नाही. दोन लाकडी खांब, त्यांच्या डोक्यावर जुन्या मोटारीतली दोन बेअरिंगं, त्यांतून गेलेला आडवा दांडा आणि दांड्याला टांगलेला एक पाळणा. पाळण्याच्या तळाशी फळी उपडी बांधायची, तोंड खाली. दांड्यापासून फळीच्या तोंडापर्यंतचं अंतर बरोबर साडेसात इंच. खाली टेबलावर पॉलिशपेपर चिकटवलेली लांब सपाट पट्टी. एका हातानं पाळणा झुलवायचा आणि दुसऱ्या हातानं पट्टी मागंपुढं ढकलायची. पाळणा त्या एका मापानंच झुलणार, तेव्हा फळीही त्याच मापानं गोल होणार. चुकायला जागाच नाही, असं त्यांचं म्हणणं.

फळी घासली गेली की पट्टी किंचित वर उचलावी लागे. त्यासाठी आक्का तिच्याखाली लग्नपत्रिका सरकवायच्या. गल्लीतल्या तीस वर्षांतल्या पत्रिका त्यांनी एका डब्यात जपल्या होत्या आणि कुठली किती जाडीची हे त्यांना पाठ होतं. “ह्या पोरीच्या बापानं लई जाड कागद घेतलता. ही नको, एकदम वर जाईल. ती सावंतांची दे, पातळ हाय.” कितीतरी जोडपी माझ्या फ्रेटबोर्डाखाली एकावर एक रचली गेली. त्यांतल्या कुणाचं लग्न टिकलं, कुणाचं नाही, हेही मला कळत गेलं.

जुनी सपाट फळी आम्ही माझ्या कपड्यांच्या इस्त्रीनं शेकून सोडवली. नवीसाठी आक्कांनी माळ्यावरून शिसवाचा तुकडा काढला. कुठल्या अंतरावर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवायच्या त्याचा तक्ता मी छापून दिला. त्या पट्ट्यांमुळं गिटारवर सुरांची घरं पडतात, आणि तिथं अंतर केसभर चुकलं तरी सूर चुकतो, हेही सांगितलं. “केसभर मला कळतंय,” आक्का म्हणाल्या.

महिना-दीड महिना हे चाललं. फळी चिकटली, पट्ट्या बसल्या, तारा चढल्या. आक्का हात पुसत समोर उभ्या राहिल्या. मी वाकडं बोट पहिल्या घरात आडवं टाकलं आणि तारा छेडल्या. सहाच्या सहा वाजल्या. एकही फडफडली नाही.

मी रडले. आक्कांनी पाठीवर थाप मारली आणि पहिल्यांदाच ‘म्हंजे किती?’ वगैरे काही विचारलं नाही.

घोटाळा मला दुसऱ्या दिवशी कळला. खालच्या तीन-चार घरांत सूर बरोबर होते, पण हात जसजसा वर सरकेल तसतसे ते चढे लागत होते. आठव्या, नवव्या घरात तर कान किटत होता. मी तक्ता घेऊन अंतरं मोजली. प्रत्येक पट्टी असायला हवी त्यापेक्षा किंचित पुढं होती, आणि वर वर जाताना ते किंचित वाढत गेलं होतं. दहा मिनिटं डोकं धरून बसल्यावर उलगडलं. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करतात, आणि त्यासाठी पॅटर्नमेकरकडं एक खास मोजपट्टी असते, जिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो. आक्कांच्या टेबलावर ती पट्टी आणि साधी पट्टी शेजारी शेजारी पडलेल्या असत. त्यांनी चुकीची उचलली होती.

मी हे त्यांना सांगितलं नाही.

दीड महिना त्या बाईनं माझ्यासाठी राबून काढला होता. आणि त्यांना सूर कळत नव्हता. मी सांगितलं नसतं तर कधीच कळलं नसतं. मी खालच्या घरांत वाजतील अशी गाणी शोधली आणि तेवढीच वाजवत राहिले. त्या विचारायच्या, “कसं वाजतंय?” मी म्हणायचे, “एकदम बरोबर.” ‘छान’ म्हणायचं टाळत होते, इतकीच माझी हुशारी.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, मी पायरीवर वाजवत बसले होते. आक्का शेजारी येऊन टेकल्या. त्यांनी गिटार मागून घेतली, फळीवरून अंगठा फिरवला, फळी उन्हात तिरकी धरली.

“खालच्या चार घरांतलं लाकूड हातानं चकाकलंय. वरची घरं कोरी हायत. वर का जात न्हाईस?”

“अजून हात बसला नाही आक्का.”

त्या उठल्या. आत गेल्या आणि दोन्ही मोजपट्ट्या घेऊन आल्या. आधी एक लावली, मग दुसरी.

“तुला कवा कळलं?”

“दुसऱ्या दिवशी.”

गिटार माझ्या मांडीवर ठेवून त्या उठून गेल्या. चार दिवस बोलल्या नाहीत. सकाळी बंबातलं पाणी माझ्यासाठी काढून ठेवलेलं असायचं, पण हाक नाही. पाचव्या दिवशी मीच खाली गेले आणि म्हणाले, “आक्का, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही.”

“वाईट वाटू दे की!” त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. मग स्टुलावर बसल्या आणि आवाज खाली आणून त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते.

“मालक गेलं त्या साली पंपाचा पयला नमुना मी एकटीनं केलता. शिरोलीच्या एका फौंड्रीत दिला. त्यात एका जागी माप चुकलं, ज्यादा झालं. फौंड्रीतला मुख्य मिस्त्री चांगला माणूस. त्यानं बघितलं, पण म्हणाला, बाई नुकती उघडी पडलीया, कशाला बोलायचं. माणसं लावून दर नगाला तिथं घासून घेत राहिला. आठ महिनं! आठ महिनं लोक माझ्या चुकीवर कानस मारत हुती आन् मी मान वर करून फिरत हुतो, की बघा मला जमतंय. दुसऱ्याच कुणीतरी हसत हसत सांगितलं मला. त्या दिवशी जाऊन नमुना परत आणला आन् बंबात घातला. त्या मिस्त्रीनं मला आठ महिनं काय शिकूच दिलं न्हाय बघ. दया केली म्हणं. तू बी तेच केलंस.”

चुकलं, एवढंच मी म्हणाले.

“उद्या इस्त्री घिऊन खाली ये,” आक्का म्हणाल्या.

दुसरी फळी त्याच पाळण्यात झाली, त्याच पत्रिकांवर. या वेळी प्रत्येक खूण त्यांनी साध्या पट्टीनं केली आणि माझ्याकडून दुसऱ्यांदा मोजून घेतली. तारा चढल्यावर त्या समोर बसल्या. “आता खोड सांग. नुसतं बरोबर हाय म्हणालीस तर गिटार बी बंबात जाईल.”

मी सगळ्या घरांतून वाजवलं. सूर जागेवर होते. पण नवव्या घरात एक तार खरखरत होती, आणि फळीची एक कड अंगठ्याला बोचत होती. मी दोन्ही सांगितलं. आक्का पुढं सरकल्या. “कुटं? दाव.” अर्ध्या तासात त्यांनी दोन्ही काढलं. काढून झाल्यावर तोंडभर हसल्या. त्या हसण्यात फळीचा आनंद होताच, पण मी बोलले याचा जास्त होता असं मला वाटतं. त्या दिवसापासून आमच्यात एक मोकळेपणा आला. माझी भाजी खारट झाली तर त्या तसं म्हणायच्या, त्यांची करपली तर मी. भांडणही चांगलं व्हायचं.

कोल्हापुरातल्या माझ्या शेवटच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बदलीचा हुकूम आला होता, सामान बांधायचं होतं. सकाळी आक्कांनी हाक मारली. टेबलावर पंपाचा एक नमुना होता, नुकताच रंग दिलेला. शेजारी बारीक मापं घ्यायचा कॅलिपर आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर, लोखंडाचं आकसणं धरून, मापांचे आकडे त्यांनी नेहमीपेक्षा खूपच मोठे काढले होते.

“ह्ये मोज,” त्या म्हणाल्या. “तुला प्रयोगशाळेत बारीक वाचायची सवय हाय.”

“तुम्ही मोजलं नाही?”

“मोजलं. पण डाव्या डोळ्यात मधोमध डाग दिसतोय गेले चार-पाच महिनं. डॉक्टर म्हणाला, जाणार न्हाय. उजवा बी धरल.” हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. “आता मला माझ्या मोजण्याची खात्री न्हाय. तू मोज आन् जे असंल ते सांग.”

मी कॅलिपर उचलला. आधी लांबी मोजली, मग पुन्हा मोजली, मग कॅलिपर पुसून तिसऱ्यांदा मोजली. आक्का माझ्या तोंडाकडं बघत नव्हत्या. दाराबाहेर बघत होत्या. मला वाटलं, दोन दिवसांत मी इथून जाणार आहे. बरोबर आहे म्हणून टाकावं. पुढचं पुढं कुणीतरी बघेल.

“आक्का, लांबी दोन मिलिमीटर कमी आहे.”

“दोन?”

“दोन.”

त्यांनी मान हलवली. फोन घेतला, नंबर मला लावायला सांगितला. फौंड्रीवाल्यानं उचलल्यावर नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “आक्का बोलतोय. तुमचा नमुना दोन मिलिमीटरनं चुकलाय. न्हाय, न्हाय, लाकूड बरोबर हाय, माझंच चुकलंय. परत करून देणार न्हाय. आता कुणाचंच करणार न्हाय. दुसरा माणूस बघा.” पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी बोलत राहिला, बहुधा समजावत होता. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं, “व्हय, या की चहाला,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी चहा टाकला. तो बशीत ओतून त्या सावकाश प्यायल्या. बशी खाली ठेवून त्यांनी नमुन्यावर तळवा ठेवला.

“लांबी चुकली. रुंदी?”

मी मोजली. “रुंदी बरोबर आहे.”

“परत मोज.”

मी परत मोजली, चिठ्ठीवरचा आकडा परत वाचला. “केसाचाही फरक नाही आक्का.”

त्या थोडं हसल्या, उठल्या आणि बशी धुवायला घेऊन गेल्या. तिसऱ्यांदा मोजायला त्यांनी सांगितलं नाही.